परसातील वाफ्याचे वर्ष

(ग्रंथालयाच्या शताब्दी महोत्सवानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ग्रंथालयाच्या व्यासपीठावरून मेथी, मुळा आणि वांग्याची चर्चा व्हावी, हे काहींना विचित्र वाटेल. परंतु माळव्यात भाजीच्या वाफ्याचे आणि पुस्तकाचे नाते जुने आहे. १९३१ साली ऑक्सफर्डच्या विद्यापीठीय मुद्रणालयाने ‘द वेस्ट प्रॉडक्ट्स ऑफ ॲग्रिकल्चर’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याच्या मुखपृष्ठावर दोन नावे आहेत. पहिले अल्बर्ट हॉवर्ड यांचे. ते जगभर गाजले. दुसरे यशवंत वाड यांचे. इंदूरच्या प्रयोगशाळेत रसायनाचे काम पाहणारा हा मराठी गृहस्थ त्या ग्रंथाचा सहलेखक होता, ही गोष्ट माळव्यातील मराठी वाचकांच्याही फारशी स्मरणात राहिलेली नाही. सेंद्रिय शेतीच्या चळवळीने ज्या ‘इंदूर पद्धती’चा जगभर पुरस्कार केला, ती याच ग्रंथातली. धार इंदूरच्या पश्चिमेला, देवास ईशान्येला. या दोन्ही गावांतल्या परसबागेचा विचार करताना सुरुवात येथूनच करावी लागते.

हॉवर्ड १९२४ साली इंदूरला आले. होळकर दरबाराने दिलेल्या तीनशे एकर जमिनीवर मध्य भारतातील संस्थानांच्या आणि कापूस समितीच्या साहाय्याने एक वनस्पती-संशोधन संस्था उभी राहिली. आज त्या जागी कृषी महाविद्यालय आहे. त्यापूर्वी हॉवर्ड आणि त्यांच्या विदुषी पत्नी गॅब्रिएल यांनी बिहारमध्ये पुसा येथे जवळजवळ दोन दशके काम केले होते. माळव्यात आल्यावर त्यांच्यापुढे पहिला प्रश्न उभा राहिला तो काळ्या मातीचा. ही माती उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडते आणि पावसाळ्यात पायातली वहाण ओढून घेते. चैत्र-वैशाखात ती पाण्यावाचून मरते, तर श्रावणात पाण्यातच मरते, कारण मुळांना हवा मिळत नाही. पिकाची वाढ खुंटण्याचे कारण अनेकदा खताचा अभाव नसून साचलेले पाणी हे असते, हे ध्यानात घेऊन हॉवर्ड यांनी शेताचे पाणी वाहते करण्यावर भर दिला. परसबागेला हा धडा शेतापेक्षाही अधिक लागू पडतो. कारण घराच्या भिंतीमुळे आणि कुंपणामुळे परसातले पाणी शेतातल्यापेक्षा जास्त अडते.

म्हणून धार-देवासकडे बागेचा आरंभ बियाण्याने न होता फावड्याने होतो. तीन ते साडेतीन फूट रुंदीचे, जमिनीपासून वीतभर उंच असे गादीवाफे आणि मध्ये पाणी निघून जाण्यासाठी चर, एवढी रचना ज्येष्ठातच करून ठेवावी लागते. रुंदी एवढीच का, याला साधे उत्तर आहे : दोन्ही बाजूंनी बसून मध्यापर्यंत हात पोचला पाहिजे. काळ्या मातीत एकदा पाय पडला की ती दडपते, आणि दडपलेल्या मातीत मुळा वाकडा होतो. पाय न पडणारा वाफा ही पाठोपाठच्या लागवडीची पहिली अट आहे. कारण एक पीक निघताच दुसरे लावायचे असेल, तर प्रत्येक वेळी खणत बसण्यास सवड नसते.

पाठोपाठची लागवड म्हणजे एका जागेवर एकामागून एक पिके घेणे. आंतरलागवड म्हणजे एकाच जागेवर एकाच वेळी दोन किंवा अधिक पिके घेणे, पण अशा बेताने की दोघांची भूक एकाच दिवशी लागू नये. दोन्ही कल्पना माळव्याला मुळीच नवीन नाहीत. ज्वारीत तूर, तुरीत मूग, गव्हात हरभरा अथवा जवस हे मिश्रण येथील शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या करीत आला आहे. अफूच्या दिवसांत विहिरीखालच्या उत्तम जमिनीत पावसाळ्यात मका आणि हिवाळ्यात अफू असा क्रम चाले. देवासच्या संदर्भात तर एक विनोद करण्याचा मोह आवरत नाही. थोरली पाती आणि धाकटी पाती अशी पवारांची दोन संस्थाने त्या एका गावात शतकाहून अधिक काळ शेजारी शेजारी नांदली. दोन दरबार, दोन खजिने, दोन कारभार. आंतरलागवडीचे राजकीय उदाहरण याहून चांगले सापडणार नाही. आणि त्यातल्या अडचणीही वाफ्यातल्यासारख्याच होत्या, असे म्हणावयास हरकत नाही. १९२१ साली थोरल्या पातीच्या तुकोजीराव महाराजांचे खाजगी चिटणीस म्हणून आलेले इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर यांच्याकडे पाहुणेघर, मोटारी, वीजघर यांच्या बरोबरीने बागांचीही देखरेख होती. त्या दिवसांवरचे त्यांचे ‘द हिल ऑफ देवी’ हे पुस्तक १९५३ साली निघाले. सभासदांनी ते अवश्य वाचावे, मात्र बागकाम शिकण्यासाठी नव्हे.

आज ज्याला घरची भाजी म्हणतात ती सर्व येथली नव्हे, हेही या निमित्ताने सांगितले पाहिजे. धार जिल्ह्यातील मांडू येथे गियासशाह खिलजी या सुलतानाच्या पाकशाळेचा ग्रंथ पंधराव्या शतकाच्या अखेरीस व सोळाव्याच्या आरंभी लिहिला गेला. ‘निमतनामा’ या नावाची ती सचित्र पोथी आता लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. त्या पाकशाळेत मिरची नव्हती, टोमॅटो नव्हता, बटाटा नव्हता. मका व लाल भोपळाही नव्हता. ही सर्व मंडळी पुढे पोर्तुगीजांच्या व्यापाराबरोबर समुद्रापलीकडून आली. फुलकोबी तर १८२२ साली सहारणपूरच्या सरकारी बागेत प्रथम रुजली. म्हणजे ज्या वाफ्यात आज वांग्याशेजारी मिरची आणि मुळ्याशेजारी कोबी उभी असते, तो वाफा मांडूच्या सुलतानाला ओळखू आला नसता. कोणत्या भाजीचे कोणत्या भाजीशी जमते याविषयी ‘परंपरेने चालत आलेले’ म्हणून जे सांगितले जाते, त्याकडे थोडे सावधपणे पाहावे, ते यासाठी.

आता प्रत्यक्ष वर्षाकडे वळावे. माळव्यात वर्षाला साधारण नऊशे ते हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. कोकणातल्या किंवा पुण्याच्या दिनदर्शिकेवर भरवसा ठेवून मृगाच्या पहिल्या दिवशी बी टाकणारा धारचा गृहस्थ पुष्कळदा फसतो, कारण येथे पाऊस आर्द्रा लागण्याच्या सुमारास स्थिरावतो. मृगात बी टाकावे ते रोपांसाठी, छपराखालच्या खोक्यात किंवा कुंड्यांत : वांगी, मिरची, टोमॅटो. वाफ्यात टाकावयाचे ते आर्द्रात : भेंडी, गवार, चवळी, दोडका, गिलके, काकडी, मका.

मक्याविषयी दोन शब्द अधिक. ज्या प्रदेशात भुट्ट्याचा कीस हा पाहुणचाराचा पदार्थ आहे, तेथे परसात चार ताटे मक्याची असावीत असे कोणालाही वाटते. पण मका कुंपणाकडेने एका ओळीत लावला की कणसे बोळकी निघतात. तुऱ्यातला पराग वाऱ्याने शेजारच्या ताटाच्या केसरांवर पडावा लागतो. त्यासाठी मका तीन-चार आखूड ओळींच्या चौकात लावावा. ताटे गुडघ्याएवढी झाली की पायथ्याशी चवळी टोकावी. कणसे भाद्रपदाच्या आत निघतात. ताटे मात्र उपटू नयेत. मघा नक्षत्राच्या सुमारास त्यांच्या बुडाशी वालाचे बी लावले, तर वाळलेल्या ताटांवर वेल चढतो आणि दिवस लहान होऊ लागल्यावर, दसरा-दिवाळीनंतर, शेंगा धरतो. वाल हा दिवसाची लांबी मोजणारा वेल आहे. आषाढात लावला तरी पुष्कळ वाण फुलासाठी थंडीचीच वाट पाहतात. तेव्हा मका आधी आणि वाल मागून, ही जोडी जमिनीच्या सोयीपेक्षा सूर्याच्या गतीने ठरलेली आहे.

पावसाळ्यात कोथिंबीर आणि मेथी काळ्या मातीत कुजते. हट्ट करू नये. त्या जागी वांग्याच्या दोन रोपांत जी दोन फुटांची मोकळी जागा सुटते, तिथे लाल माठ किंवा राजगिरा पेरावा. तो पंचवीस-तीस दिवसांत काढणीस येतो आणि वांग्याच्या फांद्या पसरण्यापूर्वी जागा सोडतो. श्रावण-भाद्रपदात पालेभाजीची जी ओढ लागते, ती माठाने आणि कुंपणाशी आपोआप उगवणाऱ्या टाकळ्या-घोळीने बरीच भागते. अळूला मात्र वाफा देऊ नये. त्याची जागा मोरीच्या तोंडाशी ठरलेली आहे. जुन्या वाड्यांतून सांडपाण्यावर अळू आणि केळ लावण्याची जी पद्धत होती, तीत पाण्याचा एक थेंबही फुकट जात नसे. मांडवावर दोडका-दुधी चढला की खाली जी सावली पडते, ती हळद आणि आले यांना मानवते. गराडू हा माळव्याचा हिवाळी मेवा कुंपणाच्या कोपऱ्यात उन्हाळ्याच्या अखेरीस पुरून ठेवावा. त्याचा वेल झाडावर चढतो आणि थंडीत कंद निघतो. सात-आठ महिने जागा अडवणाऱ्या पिकांनी वाफ्याच्या मधोमध बसू नये, एवढेच पथ्य.

वर्षाचा खरा सांधा हस्त आणि स्वाती या नक्षत्रांच्या मध्ये आहे. सप्टेंबरच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या अखेरीपर्यंतच्या या चार आठवड्यांत जो बागवान चुकला, त्याचा हिवाळा गेला. पावसाळी भेंडी-गवार थकलेली असते, पण चार शेंगा अजून लागत असतात, आणि त्या चार शेंगांच्या लोभाने वाफा मोकळा होत नाही. थंडीची पिके दोन आठवडे उशिरा लागली तर काढणी दोन आठवड्यांनीच लांबते असा पुष्कळांचा समज असतो. प्रत्यक्षात ती तीन-चार आठवड्यांनी लांबते, कारण प्रत्येक पुढचा दिवस मागच्याहून थंड आणि लहान असतो. वसंतात याच्या उलट घडते. फेब्रुवारीत दहा दिवसांच्या अंतराने पेरलेल्या दोन भेंड्या फळांवर येताना जवळजवळ गाठ घेतात. म्हणून टप्प्याटप्प्याने पेरणी करताना ‘दर दहा दिवसांनी एक ओळ’ हा छापील नियम आश्विन-कार्तिकात तसाच पाळू नये. तेव्हा ओळी सहा-सात दिवसांच्या अंतराने टाकाव्यात. कापणीला त्या आपोआप दहा-बारा दिवसांवर जातात.

या सांध्यावर वेळ वाचवण्याचा एकच उपाय आहे आणि तो म्हणजे रोपे. कोबी-फुलकोबीची रोपे चार आठवड्यांची, कांद्याची सहा ते आठ आठवड्यांची झालेली हवीत. म्हणजे वाफ्यात भेंडी उभी असतानाच ओसरीवरच्या खोक्यात फुलकोबी वाढत असली पाहिजे. भेंडी ज्या दिवशी काढली, त्याच संध्याकाळी फुलकोबी लागली, तर वाफ्याला महिनाभराची कमाई झाली. फुलकोबीच्या ओळींत दीड फुटाचे अंतर राहते. त्या मधल्या पट्टीत त्याच दिवशी एक ओळ मुळा आणि एक ओळ मेथी पेरावी. मेथी चार आठवड्यांत उपटली जाते. मुळा सहा आठवड्यांत निघतो आणि निघताना माती सैल करून जातो. तोवर फुलकोबीची पाने एकमेकांना भिडू लागतात. तिचे गड्डे पौषात निघतात. एका वाफ्यातून अशी साडेतीन महिन्यांत तीन पिके येतात, आणि त्यांतल्या कोणाचेही पोट दुसऱ्याने मारलेले नसते. लसणाच्या ओळींत मात्र काही पेरू नये. लसणाची पात विरळ आणि मुळे उथळ. शेजाऱ्याने थोडी जरी दाटी केली तरी कुड्या बारीक राहतात. त्याला वाफ्याची कड द्यावी.

बटल्याविषयी सांगायलाच नको. इंदूर-देवासकडे मटाराला बटला म्हणतात आणि त्याच्या कचोरीसाठी हिवाळ्याची वाट पाहतात. इतर शेंगावर्गीय पिकांप्रमाणे त्याच्या मुळांवरच्या गाठींत हवेतला नत्र बांधला जातो. पण हा नत्र शेजारच्या रोपाला लगेच मिळतो अशी जी समजूत आहे ती फारशी खरी नाही. बटल्याचे वेल कापून मुळे जमिनीतच राहू दिली, ती कुजली, म्हणजे त्याचा लाभ मागून येणाऱ्या पिकाला होतो. तेव्हा बटला हा सोबत लावण्यापेक्षा आधी लावण्याचा सोबती आहे. त्याच्या मागे फेब्रुवारीत भेंडी लावावी.

कोणाच्या मागे काय लावू नये, हे त्याहूनही महत्त्वाचे. वांगे, टोमॅटो, मिरची आणि बटाटा ही एका कुळातली भावंडे. एकाची मर आणि मुळांवरच्या सूत्रकृमींची गाठ दुसऱ्याला वारशाने मिळते. कोबी, मुळा आणि मोहरी यांचेही तसेच. काकडी, दुधी, दोडका, कारले यांचे तिसरे घराणे. एका घराण्याला एका वाफ्यात निदान दोन वर्षे पुन्हा जागा देऊ नये. चार-पाच वाफे असतील तर हे सहज जमते. एकच वाफा असेल तर त्याचे चार तुकडे कल्पावेत. वर फुलकोबीत मुळा सांगितला आहे तो या नियमाच्या विरुद्ध जातो, हे चाणाक्ष श्रोत्यांच्या ध्यानी आले असेलच. मुळा सहा आठवड्यांत घराबाहेर पडतो म्हणून ती सवलत. जिथे कोबीवर किडीचा उपद्रव दरवर्षी होतो, तिथे मुळ्याऐवजी पालक किंवा कोथिंबीर घ्यावी. धणे मात्र पेरण्यापूर्वी रगडून दोन दाळी करून घ्यावेत, नाहीतर ओळ विरळ उगवते.

किडींसाठी सोबत्याची लागवड हा विषय सध्या फार बोलला जातो आणि त्यात कल्पनाविलासही पुष्कळ आहे. तथापि काही गोष्टी शेतात मोजून पाहिलेल्या आहेत. बंगळूरच्या भारतीय बागबानी संशोधन संस्थेने टोमॅटोच्या सोळा ओळींमागे उंच झेंडूची एक ओळ लावण्याची पद्धत दिली. फळ पोखरणाऱ्या अळीची मादी झेंडूच्या कळ्यांकडे ओढली जाते. परंतु त्यासाठी झेंडूचे रोप चाळीस दिवसांचे आणि टोमॅटोचे पंचवीस दिवसांचे असावे लागते, म्हणजे दोघांचा बहर एकाच वेळी येतो. तसेच कोबीच्या पंचवीस ओळींमागे मोहरीच्या दोन ओळी. त्यातली पहिली कोबीच्या पंधरा दिवस आधी आणि दुसरी पंचवीस दिवसांनी पेरावयाची. या दोन्ही उदाहरणांत कीड आवरते ती केवळ शेजारामुळे नव्हे, तारखांच्या हिशोबामुळे. परसात सोळा ओळी नसतात हे खरे. वाफ्याच्या टोकांना चार झेंडू पुरतात, पण ते टोमॅटोच्या आधी पंधरा दिवस रुजवले पाहिजेत. दसऱ्याच्या तोरणासाठी उशिरा लावलेला झेंडू अळीला आवरणार नाही.

एवढ्या पिकांनी वाफा वर्षभर चालवला, तर मातीचे काय? या प्रश्नाचे उत्तर हॉवर्ड आणि वाड यांनी दिले. पालापाचोळा, तण, पिकांचे देठ, शेण, गोमूत्राने भिजलेली माती आणि चुलीची राख यांचे थर, मधून मधून पाणी, तीन वेळा उलथणी आणि तीन महिन्यांत तयार खत : ही इंदूर पद्धत. पावसाळ्यात खड्ड्यात पाणी भरते म्हणून तेव्हा ढीग जमिनीच्या वर रचावा, ही सूचनाही माळव्याच्या अनुभवातूनच आली. एप्रिल १९३५ मध्ये हिंदी साहित्य संमेलनासाठी इंदूरला आलेल्या महात्मा गांधींनी ही संस्था मुद्दाम पाहिली. हॉवर्ड तोवर मायदेशी परतले होते. १९४० साली त्यांचा ‘ॲन ॲग्रिकल्चरल टेस्टामेंट’ हा ग्रंथ निघाला आणि इंदूरचे नाव खताच्या संदर्भात सर्वतोमुखी झाले. ज्या गावात हे घडले, त्या गावच्या परसांतून मात्र पालापाचोळा जाळण्याची खोड गेली नाही.

दुसरा धागा महाराष्ट्रातून देवास जिल्ह्यात येऊन पोचला. गणिताचे प्राध्यापक श्रीपाद अच्युत दाभोलकर यांनी ‘प्रयोग परिवारा’च्या माध्यमातून तासगावच्या द्राक्षबागाईतदारांपासून लहान शेतकऱ्यांपर्यंत अनेकांना हाताशी धरले. पान किती ऊन पकडते, यावर पीक ठरते. म्हणून दहा गुंठ्यांतही पानांचे थर नीट रचले तर कुटुंब निभावते, असा त्यांचा हिशोब होता. त्यांचे विचार पुढे नेणारे दीपक सचदे यांनी देवास जिल्ह्यात, नर्मदेकाठी नेमावरजवळच्या बजवाडा येथे आपले केंद्र उभारले. त्यांचे ‘गंगा मां मंडल’ म्हणजे साधारण हजार चौरस फुटांत बसणारी वर्तुळाकार परसबाग. मध्यभागी वेलींचा मांडव, भोवती कडी-कड्यांनी वेगवेगळ्या उंचीच्या व वेगवेगळ्या मुदतीच्या भाज्या. पाच माणसांच्या घराला रोज काही ना काही मिळावे हा हेतू. त्यासाठी ते ‘अमृत जल’ बनवीत : दहा लिटर पाणी, एक लिटर गोमूत्र, एक किलो ताजे शेण आणि पन्नास ग्रॅम गूळ. हे तीन दिवस ढवळत ठेवून चौथ्या दिवशी दहापट पाण्यात मिसळावयाचे आणि त्यात वाळका पाला भिजवून मातीबरोबर त्याचे थर द्यावयाचे. त्या ढिगावर पुन्हा मिश्र बियाणे पेरून, कोवळेपणी कापून त्याच मातीत मिसळले जाई. नावांतला भक्तिभाव ज्याला रुचत नसेल त्याने नावे सोडून द्यावीत. गोल आखणी मात्र पाहण्यासारखी आहे, कारण तीत कोणताही हात कोणत्याही रोपापर्यंत पोचतो आणि कोणताही पाय मातीवर पडत नाही.

येथवर सारे भरल्या वाफ्याचे झाले. रिकाम्या वाफ्याचे बोलणे राहिले, आणि धार-देवासमध्ये तेच अधिक गंभीर आहे.

जुना माळवी शेतकरी पुष्कळ काळी जमीन पावसाळ्यात पडीत ठेवीत असे. चार महिन्यांचा पाऊस मातीत मुरे आणि त्या ओलीवर, विहिरीच्या पाण्यावाचून, गहू-हरभरा येई. १९७० नंतर त्या पडीत जमिनीत सोयाबीन आला. १९८७ साली सोयाबीनचे राष्ट्रीय संशोधन केंद्र इंदूरलाच निघाले, इतके ते पीक येथे रुजले. पाठोपाठच्या लागवडीचा याहून मोठा प्रयोग देशात क्वचितच झाला असेल. एकाची दोन पिके झाली आणि घराघरांत पैसा आला. पण दुसरे पीक, आणि विशेषतः गव्हाचे नवे वाण, मुरलेल्या ओलीवर भागेनात. कूपनलिका खोल खोल गेल्या. पावलापावलाला पाणी असण्याची ज्या माळव्याची ख्याती, त्याच माळव्यातील देवास शहराला १९९० च्या उन्हाळ्यात इंदूरहून रेल्वेच्या टाक्यांतून पाणी पुरवावे लागले. ती गोष्ट अनुपम मिश्र यांनी १९९३ च्या ‘आज भी खरे हैं तालाब’ या पुस्तकात नोंदवून ठेवली आहे. साडेबारा तळ्यांचे गाव म्हणून ओळखल्या जाणाऱ्या धारलाही उन्हाळा सोपा राहिलेला नाही. पुढे २००६ साली देवासचे जिल्हाधिकारी उमाकांत उमराव यांच्या पुढाकाराने टोंकखुर्द आणि आसपासच्या गावांतून शेतकऱ्यांनी स्वतःच्या जमिनीचा काही हिस्सा तळ्यांना दिला. ‘रेवासागर’ म्हणून ती तळी प्रसिद्ध झाली. जमिनीचा तो तुकडा पिकाला मुकला, आणि म्हणून बाकीची जमीन पिकू लागली.

परसातल्या वाफ्याचा हिशोब याहून वेगळा नाही, फक्त लहान आहे. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. दहा चौरस मीटर लागवडीला माघात दिवसाकाठी सुमारे तीस लिटर पाणी पुरते. तेवढे तर डाळ-तांदूळ आणि भाजी धुण्यातून व हातपाय धुण्यातून निघते. त्याच लागवडीला वैशाखात सत्तर-ऐंशी लिटर लागते. हजार चौरस फुटांच्या छपरावर इंचभर पाऊस पडला तर सव्वादोन हजार लिटरच्या आसपास पाणी मिळते, पण ते मिळते श्रावणात, जेव्हा ते नको असते; टाके नसेल तर ते गटारात जाते. ज्या घरात नळ दोन-चार दिवसांआड येतो, तिथे मे महिन्यात पाच वाफे हिरवे ठेवणे म्हणजे शेजाऱ्याच्या कूपनलिकेतले पाणी पिणे होय. हे कटू आहे, परंतु बागेचा अभिमान बाळगणाऱ्यांनीच ते ऐकले पाहिजे.

तेव्हा फाल्गुनापासून वाफे एकेक करून मिटवीत आणावेत. होळीच्या सुमारास मेथी, पालक आणि कोथिंबीर फुलावर येतात. त्यातली चांगली चार-सहा रोपे बियाण्यासाठी राखून बाकीची काढावीत. कांद्याचे बी वर्षभराच्या पुढे फारसे उगवत नाही, भेंडीचे दोन वर्षे टिकते, वांगी आणि काकडी नीट वाळवून ठेवली तर चार वर्षेही उगवतात. पुड्यांवर वर्ष लिहिलेले असावे. चैत्रात एकच वाफा चालू ठेवावा, तोही घराच्या पूर्वेच्या बाजूस, दुपारनंतर भिंतीची सावली पडेल असा : त्यात भेंडी, कडेला गवार आणि मांडवावर गिलके. बाकीच्या वाफ्यांवर वाळलेल्या वेलांचा, तुरीच्या काड्यांचा, उसाच्या चिपाडाचा वीतभर जाड थर पसरावा. थराखाली भेगा कमी पडतात आणि ओल खोलवर टिकते. कोणी म्हणेल, तीन महिने जमीन रिकामी का ठेवावी. ती रिकामी नसते. गांडुळे खाली गेलेली असतात आणि वरचा पाला अर्धा कुजलेला असतो.

रोहिणी लागले की हा थर हाताने बाजूला सारून पाहावा. खालची माती मुठीत दाबली असता तिचा लाडू झाला आणि बोटाने टोचताच फुटला, तर चर साफ करून गराडूचे कंद पुरण्यास हरकत नाही. लाडू फुटत नसेल तर ती माती अजून दडपलेली आहे. तिथे या वर्षी भाजी न लावता आर्द्रात ताग पेरावा आणि फुलावर येण्यापूर्वी तो मातीत गाडावा. वांग्या-मिरचीचे बी मात्र तोवर ओसरीवरच्या खोक्यात पडलेले असावे.